रुळांच्या मागचं आभाळ : छोट्या रेल्वेच्या देखाव्यांची गोष्ट

इयरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, तर आजच्या भागापुरती एक विनंती. जमलं तर खिडकीकडे तोंड करून ऐका, कारण आजचा विषय खिडकीबाहेर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जे ‘अं... म्हणजे...’ झालं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय आहे मॉडेल रेल्वे. त्यातही इंजिनं आणि डबे नाहीत, त्यांच्या मागचं सगळं: डोंगर, झाडं, घरं, आणि भिंतीवर रंगवलेलं आभाळ. या छंदात त्याला सीनरी आणि बॅकड्रॉप म्हणतात. आपल्याकडे दोन्हीला मिळून एक झकास शब्द आधीपासून आहे, ‘देखावा’. गणपतीत आपण विचारतो ना, “यंदा देखावा काय आहे?” तोच.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला सरावलीला, बोईसर स्टेशनच्या जवळ. घरात एका प्लायवूडवर चार फूट बाय दोन फुटांची छोटी रेल्वे आहे. ती बनवताना एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला. प्रश्न असा: लहान मुलांचं खेळणं असलेल्या आगगाडीच्या मागे लोकांनी आभाळ रंगवायला कधी सुरुवात केली, आणि का?

आधी गाडी आली, गाव नंतर आलं

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत पत्र्याच्या आगगाड्या होत्या. जमिनीवर ढकलायच्या, नाहीतर चावी द्यायची. प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी, त्यामुळे याचा डबा त्याच्या रुळावर चालायचा नाही. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ आणि त्यावर चालणारी गाडी दाखवली. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्यांदा ‘स्टँडर्ड’ आलं. स्टँडर्ड आलं की पुढची गोष्ट ओघाने येते: आज थोडे रूळ घ्या, पुढच्या वर्षी अजून घ्या, जोडत जा. खेळणं वाढवता येऊ लागलं.

पण गाव अजून नव्हतं. पत्र्याचं स्टेशन असायचं, एखादा सिग्नल, एखादा बोगदा. पुढे मापं लहान होत गेली. १९३० च्या दशकात आज ज्याला एचओ म्हणतात ते माप रुळलं. एचओ म्हणजे १ ला ८७. खऱ्या जगातले ८७ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलमधला एक सेंटिमीटर.

हे माप इथे का महत्त्वाचं? कारण गाडी लहान झाली तशी टेबलावर जागा उरली. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस एचओमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा जरासा कमी होतो. अशी माणसं, त्यांची घरं, रस्ते, झाडं मावू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत या गोष्टी बनवणारे कारखाने उभे राहिले. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावात फालर बंधूंनी १९४६ मध्ये सुरू केलेली कंपनी घरांच्या किट्ससाठी प्रसिद्ध झाली, आणि प्रायझर कंपनी इवल्याशा माणसांसाठी. बॉम्बहल्ल्यांनी शहरं उद्ध्वस्त झालेल्या देशात लोक टेबलावर टुमदार, अखंड गावं उभारत होते. हे वाचल्यावर मी जरा वेळ थांबलो होतो.

एक वेडा ऑस्ट्रेलियन आणि गवताची छपरं

इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात जॉन अहर्न नावाच्या माणसाने ‘मॅडर व्हॅली’ नावाची रेल्वे बनवायला घेतली. तोवर बहुतेक हौशी लोकांचं सगळं लक्ष इंजिनावर असायचं. अहर्नने उलटं केलं. गाव, बंदर, वळणदार रस्ता, जुनी घरं हे सगळं मन लावून बनवलं आणि त्यातून गाडी जाऊ दिली. रेल्वे ही भूगोलाचा एक भाग आहे, हा विचार टेबलावर ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव घेतात.

पण माझ्या मनात घर केलं ते रॉय इंग्लंड या माणसाने. आडनावच इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा. १९२५ मध्ये तो ब्रिटनला आला आणि तिथल्या ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ नावाच्या खोऱ्यातल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली घरं, फुलांची परसं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती बदलत होती. गवताची छपरं उतरत होती, जुनी घरं पडत होती. त्याच्या हातात ना सत्ता, ना पैसा. त्याने ठरवलं, निदान मॉडेलमध्ये तरी हे वाचवायचं.

त्यातून १९५४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावात पेंडन म्युझियम उभं राहिलं. १ ला ७६ या मापात १९२० आणि ३० च्या दशकातला तो सगळा परिसर. घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या, पण प्रत्येक वीट वेगळी कोरलेली आणि जलरंगात वेगळी रंगवलेली. छपराला नळ जोडताना प्लंबर वापरतात तो ताग. परसातली झाडं एकेक करून बनवलेली. एका घराला महिनेच्या महिने लागतात, आणि काम आजही चालू आहे. अहर्नची मॅडर व्हॅली सुद्धा आता तिथेच जपून ठेवलीय.

म्हणजे बघा, एका माणसासाठी देखावा ही सजावट राहिली नाही. ती नोंद झाली. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते, तशी नजरेची नोंद.

आभाळ आलं रंगभूमीवरून

आता बॅकड्रॉपकडे येऊ. टेबलाच्या मागे उभा केलेला रंगवलेला पडदा मॉडेल रेल्वेवाल्यांनी शोधलेला नाही. तो नाटकातून आला.

१८२२ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर याने ‘डायोरामा’ नावाचा खेळ सुरू केला. हाच दागेर पुढे फोटोग्राफीमुळे जगप्रसिद्ध झाला. डायोरामा म्हणजे अंधाऱ्या सभागृहात एक प्रचंड पातळ कापड, दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. प्रकाश पुढून टाकला की दिवस दिसायचा. हळूहळू तो मागून येऊ लागला की त्याच चित्रात संध्याकाळ व्हायची. नट नाहीत, संवाद नाहीत. लोक तिकीट काढून फक्त प्रकाश बदलताना बघायचे!

आपल्याकडे काय चाललं होतं? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा देखाव्याचा थाट नव्हता. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्या काळात रंगवलेले पडदे हे नाटकाचं मोठं आकर्षण होतं. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदी. पडदा बदलला की प्रेक्षक दुसऱ्या गावात.

या पडद्यांचे उस्ताद होते कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे. साधारण १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव पुढे सिनेमात उतरले, कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आणि इथे मजा आहे. ज्या माणसाचं पोटच सपाट पडद्यांवर होतं, त्याने सिनेमासाठी सपाट पडदे बाजूला ठेवून घडीव, चहूबाजूंनी खोली असलेले सेट वापरायला सुरुवात केली. कारण कॅमेरा हलतो, जवळ येतो, आणि जवळून सपाट कापड लगेच उघडं पडतं.

मॉडेल रेल्वेचा सगळा प्रश्न हाच आहे. पुढचं खरं, मागचं रंगवलेलं. आणि या दोघांचा सांधा कुठे आहे ते बघणाऱ्याला कळता कामा नये. बाबूरावांना जे कॅमेऱ्यापुढे सोडवावं लागलं, ते आम्ही चार फुटांच्या फळीवर सोडवतो. तुमच्यातले जे गेम खेळतात त्यांना हे लगेच समजेल. ओपन वर्ल्ड गेममध्ये तुम्ही कितीही पळालात तरी लांबचा डोंगर जवळ येत नाही. तो ‘स्कायबॉक्स’वर चिकटवलेला असतो. जवळची झाडं त्रिमिती, लांबची सपाट चित्रं. नाटकातला पडदा, रेल्वेमागचं आभाळ आणि तुमच्या फोनमधला गेम, ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

डोंगर किती उंच काढायचा?

इथे जरा गणित करू, सोपं आहे. आपल्याकडचा चारशे मीटर उंचीचा डोंगर घ्या. १ ला ८७ या मापात तो साडेचार मीटरपेक्षा उंच होतो. घराचं छत असतं तीन मीटरच्या आत. म्हणजे खरा डोंगर खोलीत मावतच नाही! अंतराचंही तेच. पालघर ते बोईसर साधारण बारा किलोमीटर. मापात केलं तर जवळजवळ १३८ मीटर. एवढा हॉल कोणाकडे आहे?

म्हणून लांबचं सगळं पडद्यावर ढकलावं लागतं. पण पडद्यावर तो डोंगर केवढा काढायचा? खऱ्या जगात तो दहा किलोमीटर लांब असेल, तर चारशे भागिले दहा हजार म्हणजे ०.०४. तुम्ही पडद्यापासून एक मीटरवर उभे असाल तर एक मीटर गुणिले ०.०४, म्हणजे फक्त चार सेंटिमीटर! अंगठ्यापेक्षा कमी. ऐकून विश्वास बसत नाही, पण खिडकीतून हात लांब करून अंगठा धरा आणि लांबच्या डोंगराशी ताडून बघा. आपला मेंदू डोंगराला मोठा करून सांगतो. चित्रात मात्र तो लहान, फिकट आणि किंचित निळसर काढला तरच लांब दिसतो.

बाकीचे नियमही असेच रंगभूमीवरून आणि चित्रकलेतून आलेले आहेत. क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवं. खोलीचा कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, पडदा गोलाईत वळवायचा, नाहीतर आभाळाला घडी पडते. दिवे असे ठेवायचे, की पुढच्या झाडांची सावली आभाळावर पडणार नाही. आभाळात झाडाची सावली दिसली की सगळा खेळ संपला. पडदा आणि जमीन जिथे भेटतात तिथे झुडपांची रांग, कुंपण किंवा बैठं घर लावायचं. मागच्या ओळीत मुद्दाम लहान मापाची घरं ठेवली तर ती लांब असल्याचा भास होतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन ॲलन नावाचा माणूस या विद्येचा बादशहा होता. त्याची रेल्वे जमिनीपासून छतापर्यंत डोंगरांनी भरलेली. योग्य जागी आरसे बसवून तो रस्ता दुप्पट लांब करायचा. घरं नवी चकचकीत न ठेवता त्यांवर गंज, धूळ, ऊन-पावसाचे डाग चढवायचा. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि दहा दिवसांनी लागलेल्या आगीत त्याची ती रेल्वेही गेली. आज उरलेत ते फोटो. वीसेक वर्षांची मेहनत, आणि हातात फक्त छायाचित्रं. कोणी म्हणेल, मग केलं कशाला? पण त्या फोटोंवरून जगभरच्या लोकांनी जुनेपणा कसा रंगवायचा ते शिकून घेतलं.

पुण्यातलं शहर

महाराष्ट्रात हे सगळं बघायचं तर पुण्याला जा. कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशी हे त्याचे कर्ते. त्यांचा यंत्रं बनवण्याचा व्यवसाय होता आणि रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं. १९८० च्या दशकात त्यांनी हलवता येण्याजोगी रेल्वे बनवून पुण्यात गोखले हॉलमध्ये लोकांना दाखवली. पण मांडायचं, मोडायचं, पुन्हा मांडायचं यात देखावा कधी पक्का होत नाही. डोंगर दर वेळी ट्रकमध्ये चढवता येत नाही! म्हणून कायमची जागा हवी होती. कित्येक वर्षांच्या कामानंतर १ एप्रिल १९९८ रोजी म्युझियम सुरू झालं.

तिथे गाड्या आहेतच: वाफेच्या, वेगवान, दात्यांच्या रुळावर डोंगर चढणाऱ्या. पण माझी नजर शहरावर खिळली. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर आहे, उड्डाणपूल आहेत, साठाहून जास्त सिग्नल आहेत. आणि शोमध्ये जेव्हा उजेड मंद होतो आणि छोट्या शहरात दिवे लागतात, तेव्हा पुढच्या ओळीतली पोरं एकदम गप्प होतात. २०० वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये दागेरने नेमकं हेच विकलं होतं.

पुढे २००१ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला ‘मिनिएचर वंडरलँड’ सुरू झालं. १५ किलोमीटरपेक्षा जास्त रूळ, आणि दर पंधरा मिनिटांनी तिथला ‘दिवस’ संपतो. ते आकाराने कितीतरी मोठं आहे, पैशानेही. पण हॅम्बर्गच्या आधी तीन वर्षं पुण्यात एका माणसाच्या हौसेतून असं शहर उभं राहिलं होतं, हे आपल्या पिढीला माहीत असायला हवं.

पण हे गाव कुणाचं?

आता मूळ मुद्द्यावर येतो. पुण्याच्या त्या शहरात फिरताना लक्षात येतं की त्यातला बराचसा भाग युरोपसारखा आहे. यात भाऊसाहेबांचा काही दोष नाही. गाड्या युरोपच्या, घरांचे किट जर्मनीचे, माणसं जर्मनीची, झाडं पाइनची. जे बाजारात मिळतं तेच टेबलावर येतं. भारतात कुठल्याही हौशी माणसाच्या घरी जा, बहुधा तेच दिसेल. कौलारू घर हवं असेल तर बव्हेरियाचं मिळेल, वाड्याचं नाही.

यामागे एक तांत्रिक अडचण सुद्धा आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरहून थोडी जास्त. पण जगात एचओचे रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण युरोप-अमेरिकेची गेज १४३५ मिलिमीटर. म्हणजे भारतीय गाडी बाजारातल्या रुळांवर चालवली की ती अंगापेक्षा अरुंद वाटेवर उभी राहते. अचूक करायची तर रूळही हाताने बनवा, चाकंही.

रुळांचं जमेल तेव्हा जमेल. पण रुळांच्या मागचं आभाळ? ते आयात का करायचं? त्याला कुठलीच गेज लागत नाही.

माझ्या फळीवर मी बोईसरच्या उत्तरेकडचा, वाणगावच्या दिशेचा एक तुकडा घेतलाय. सांगतो काय काय आहे, म्हणजे तुम्हालाही अंदाज येईल.

ताडाची झाडं: तार पिळून खोड, त्यावर गोंद आणि लाकडाचा भुसा, पंखे कागदाचे कात्रीने कापलेले. वीस मीटरचं ताड मापात २३ सेंटिमीटर होतं. एवढं उंच केलं की गाडी खेळण्यासारखी दिसते, म्हणून पंधरावर थांबलो. चिकूची वाडी: वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून गडद हिरवी रंगवली की चिकूचा गोल घेर मस्त जमतो. भातशेती: काथ्याचे तुकडे. जमिनीला खरी माती: वाळवायची, चहाच्या गाळणीने गाळायची, आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा. मातीत लोखंडाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये गेले तर मोटर गेली. खडी बसवताना पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. थेंब नसला तर पाणी खडीवर मोत्यासारखं लोळत राहतं, आत मुरत नाही.

आणि डोंगर? त्यासाठी कुठलाही परदेशी व्हिडिओ बघायची गरज पडली नाही. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं: जाळी उभी करा, प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड पांघरा, वाळू द्या. अहो, हा तर आपला दिवाळीचा किल्ला! विटा-दगड रचायचे, गोणपाट चिखलात बुडवून वर टाकायचं, हाताने कडे-कपारी काढायच्या, अळीव आणि मोहरी पेरून पाच दिवसांत हिरवळ आणायची. महाराष्ट्रातल्या पोरापोरींनी सीनरीचा हा कोर्स शाळेत असतानाच अंगणात केलेला असतो. आपण त्याला छंद म्हणत नाही, सुट्टी म्हणतो. गणपतीच्या देखाव्यांत तर गावोगावच्या मंडळांनी धबधबे वाहवलेत, लोकल चालवलीय. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि कापडाकडे मंडळी परत वळली. पेंडनवाले तर पहिल्यापासून पुठ्ठ्यावरच आहेत!

सगळ्यात जास्त वेळ गेला आभाळाला. बाजारातले छापील पडदे गडद निळे, त्यावर कापसासारखे ढग. ते आल्प्सचं आभाळ. आपल्या किनारपट्टीचं आभाळ तसं नसतं. जानेवारीत सकाळी ते खाली पांढुरकं, धुरकट असतं आणि वर जाता जाता हलकं निळं. मी एकाच जागेवरून वेगवेगळ्या महिन्यांत फोनने फोटो काढले, त्यातले रंग कॉम्प्युटरवर मोजले आणि डिस्टेंपर तसं मिसळलं. पूर्वेकडे डोंगरांची फिकी रेघ आणि डहाणूच्या बाजूला महालक्ष्मीचा सुळका. तो बरोबर चार सेंटिमीटर!

घाई कशाची?

मित्र विचारतात, “एवढी घाई काय? डोंगर कुठे पळून चाललेत?”

डोंगर नाही पळत, पण त्यांच्या पुढचं सगळं बदलतंय. आपल्या या मार्गाचा इतिहास बघा. बीबीसीआय रेल्वेने मुंबई ते सुरत हा मार्ग १८६४ मध्ये पुरा केला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत जेवढं पालटलं नसेल तेवढं आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर पालटतंय. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ चं, मग एमआयडीसी वाढली. उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती एप्रिल २०१३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर जिल्हा झाला. आता विरार-डहाणू चौपदरीकरण, मालगाड्यांचा वेगळा कॉरिडॉर, आणि बोईसरला थांबा असलेली मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन.

मी या कामांच्या विरोधात बोलत नाहीये. लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून इथल्या कितीतरी मुलामुलींना मुंबईत शिकता आलं, नोकरी करता आली, मीही त्यातलाच. पण कामाच्या नकाशात काय येतं? रूळ, पूल, खांब, स्टेशन. रुळाच्या कडेचं ताडांचं बन नकाशात नसतं. भराव पडला की पाणथळीत उभे बगळे नकाशात नसतात. गावाकडे वळणारी पायवाट, कुडाच्या भिंतीचं घर, पावसाळ्यात रुळालगत साचणारं तळं, यांची नोंद कुठल्या खात्यात होते?

आपल्याच जिल्ह्यातले वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काय काढत आले? शेत, झाडं, तारपा, लग्न, जनावरं. म्हणजे आपल्या भोवतीचा देखावाच. जिव्या सोमा मशे यांनी तो भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगापर्यंत नेला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत पुढे रेल्वेगाडीसुद्धा येऊन बसली. आपल्या डोळ्यांसमोर जे आहे ते काढण्यासारखं आहे, हा भरवसा इथल्या मातीत आधीपासून आहे. मग मॉडेल रेल्वेवाल्यांनीच पाइनची झाडं का लावायची?

महाराष्ट्रात विषयांची कमी नाही. १९०७ ची नेरळ-माथेरान आहे, दोन फुटी रुळांची. बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी. ती ब्रॉडगेज झाली. विदर्भातली शकुंतला. बोरघाटात १८६३ पासून गाडी उलट दिशेला वळवण्याचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि ते संपलं. या प्रत्येकाभोवती एक गाव होतं, एक आभाळ होतं. इंजिनांचे फोटो आणि नोंदी सापडतात. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीचा रंग कोणता होता, हे सांगणारं कोणी सापडत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यांनी रेल्वे बनवा असं मी म्हणणार नाही. पैसे लागतात, जागा लागते, आणि घरच्यांची माया लागते. पण बॅकड्रॉपचं पहिलं काम फुकट आहे आणि त्याला फक्त फोन लागतो.

रोज जाता-येता ज्या खिडकीशी उभे राहता, तिथून आठवड्यातून एकदा एकाच जागेचा फोटो काढा. माणसांचा नको, सेल्फी नको. आडवा फोटो, क्षितिज मधोमध. दाराशी लोंबकळून मात्र अजिबात नाही. जागा मिळेल तेव्हा, आतून. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. वर्षभरात ५२ फोटो होतील: उन्हाळ्यातलं करडं गवत, जूनमधला चिखल, ऑक्टोबरमधलं पिवळं भात. घरात आजी-आजोबा असतील तर ते फोटो त्यांना दाखवा आणि विचारा, “इथे आधी काय होतं?” ते सांगतील ते रेकॉर्ड करा.

रॉय इंग्लंडकडे १९२५ मध्ये फोनचा कॅमेरा नव्हता. त्याने पायी फिरून, मोजून, लिहून ठेवलं म्हणून आज पेंडनमध्ये त्या खोऱ्याची शंभर वर्षांपूर्वीची सकाळ उभी आहे. आपल्या हातात त्याच्यापेक्षा हजारपट सोय आहे, आणि आपल्या खिडकीबाहेरचं खोरं त्याच्यापेक्षा वेगाने बदलतंय.

उद्या कोणीतरी, कदाचित तुमच्यातलंच, पालघर-बोईसर-डहाणू मार्गाचं मोठं मॉडेल बनवायला घेईल. बारा डब्यांची लोकल मापात तीन मीटरच्या आसपास येते, तेवढी जागा एखाद्या शाळेच्या सभागृहात नक्की निघेल. गाडी विकत मिळेल किंवा थ्री-डी प्रिंट होईल. पण मागचं आभाळ कुठल्या रंगाचं होतं, ताडं किती होती, मिठागराच्या कडेला काय उगवायचं, हे त्याला आपणच सांगू शकतो.

तर मंडळी, आजच्यासाठी इतकंच. तुमच्या गावच्या स्टेशनामागे काय दिसतं, एका ओळीत लिहून कळवा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला काही ओळी वाचून दाखवीन. तोवर ऐकत राहा, आणि बाहेर बघत राहा. वाणगाव आलं की डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या बघा बरं का!